टाकीतली मोटर गेली, पण ती माझ्यामुळेच गेली का?

पत्र थोडक्यात, नाव-गाव वगळून:

कासारवडवलीला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. नोकरी ऐरोलीला, घरात एकच गाडी, आठ-नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. सोमवार ते शुक्रवार ताई ऑफिसला नेतात, शनिवार-रविवार नवरा वसईला आईबाबांकडे नेतो. पेट्रोलचा दिवा लागला की पाचशेचं टाकायचं, परत दिवा लागला की परत पाचशे, ही ताईंची सवय. गेल्या महिन्यात ऑफिसातून येताना विटाव्याजवळ गाडीने आचके दिले आणि बंदच पडली, दिवा लागलेलाच होता. टो करून गॅरेजला नेली तर मेकॅनिक म्हणाला टाकीतली मोटर गेली, "मॅडम, रिझर्व्हवर चालवून चालवून जाळलीत." बिल आलं साडेआठ हजार. नवरा भांडत नाही पण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगतो. सासरे म्हणतात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊच द्यायची नाही, तळाचा गाळ इंजिनात जातो. ऑफिसमधला मित्र म्हणतो हे सगळं जुन्या गाड्यांचं, आताच्या गाड्यांना काही होत नाही. ताई विचारतात, चूक खरंच माझी का, बिल मी एकटीने भरावं का, आणि आता कायम टाकी फुल ठेवायची का?

ताई, आधी मोटरचंच बघू, कारण बाकीचं सगळं भांडण तिच्यावरच उभं आहे.

तुमच्या गाडीत पेट्रोल खेचणारी मोटर इंजिनजवळ नसते, टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेली असते, बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की तिचं झाकण दिसतं. इंजिन चालू आहे तोवर ती चालू. विजेवर चालते म्हणजे गरम होणारच, आणि तिला गार ठेवायचं काम तेच पेट्रोल करतं जे तिच्यातून वाहत पुढे इंजिनला जातं, आतल्या फिरत्या भागांना वंगणही त्याचंच. तुमच्या सोसायटीच्या टाकीतला सबमर्सिबल पंप ड्राय रन होऊन जळला की ग्रुपवर काय महाभारत होतं ते घोडबंदरला राहणाऱ्या माणसाला मी काय सांगणार, हा प्रकार त्याच जातीतला आहे.

पण दिवा लागला म्हणजे मोटर कोरडी पडली असं अजिबात नाही हां. मोटर टाकीत उघडी ठेवलेली नसते, तिच्याभोवती प्लास्टिकचा एक डबा असतो आणि टाकीत पेट्रोल कमी झालं तरी तो डबा भरलेला राहावा अशी सोय कंपनीने केलेली असते. हॅचबॅकमध्ये दिवा लागतो तेव्हा साधारण पाचेक लिटर शिल्लक असतं, गाडीगाडीप्रमाणे कमीजास्त, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. लोक दिव्यावर गाडी चालवणार हे बनवणाऱ्यांना माहीत असतं, म्हणून तर दिवा इतका आधी लावतात. तेव्हा महिन्यातून एखाददोन वेळा दिवा लागला, तुम्ही पुढच्या पंपावर थांबलात, तर त्यात काहीही बिघडत नाही. तुमचा ऑफिसमधला मित्र इथपर्यंत बरोबर आहे.

आता तुमचं गणित बघा. सध्याच्या भावात पाचशे रुपयांत पाच लिटरही येत नाही. म्हणजे पाचेक लिटरवर दिवा लागला, त्यात साडेचार-पावणेपाच लिटर पडलं, झाले जेमतेम दहा, आणि तुमच्यासारख्या गाडीची टाकी असते पस्तीस-सदतीस लिटरची. याचा अर्थ दोन वर्षांत तुमच्या काट्याने अर्ध्याची रेघ बहुतेक बघितलेलीच नाही. टाकीत पेट्रोल थोडं असलं की ते लवकर तापतं, उन्हाळ्यात दुपारी जाममध्ये तर जास्तच, आणि वळणावर किंवा चढावर ते एका बाजूला पळतं तेव्हा टाकी अगदी तळाला असेल तर मोटर मधूनमधून पेट्रोलबरोबर हवाही ओढू शकते. असं एकदा झालं तर कळतही नाही. पण गाडी रोज त्याच पट्ट्यात राहत असेल आणि दिवा लागल्यावरही "उद्या सकाळी टाकू" म्हणून अजून एक फेरी मारत असाल, तर मोटरचं आयुष्य कमी होणार यात मला तरी शंका नाही. आणि तुम्ही किती ताणत होतात ते पत्रात नाहीये, ते तुमचं तुम्हालाच माहीत.

तरीही "जाळलीत" असं छातीठोकपणे म्हणायला मेकॅनिककडे पुरावा काय होता? आठ-नऊ वर्षांच्या गाडीची मोटर वयानेही जाते. तिच्या तोंडाला एक जाळी असते, ती कचऱ्याने तुंबली की मोटरला जोर लावून ओढावं लागतं आणि ती तापते. वायरिंग किंवा रिले, म्हणजे मोटरला वीज देणारा छोटा स्विच, गेला असेल तरी गाडी अशीच बंद पडते आणि घाईत मोटरच बदलली जाते. शिवाय आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. ते चालेल असे पार्ट वापरून गाड्या बनायला लागल्या एप्रिल २०२३ पासून, तुमची त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या काही गाड्यांत रबराचे पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटलंय. तुमच्या मोटरचा जीव त्यानेच घेतला असं मी म्हणत नाही, पण संशयितांची रांग बघा किती मोठी आहे, आणि त्यात पहिल्या मालकाने गाडी कशी चालवली ते तर कोणालाच माहीत नाही. मेकॅनिकला एवढंच विचारा की जुनी मोटर आणि तिची जाळी दाखव, आणि काढायच्या आधी रिले आणि करंट चेक केला होतास का. जाळी काळी चिकट निघाली तर गोष्ट वेगळी आहे, स्वच्छ निघाली तर वेगळी.

आणि एक ओळ तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात, मी ती दोनदा वाचली. "सोमवारी सकाळी मी गाडीत बसते तेव्हा बहुतेकदा दिवा लागलेलाच असतो." अहो ताई, मग शुक्रवारी रात्री ते सोमवारी सकाळ या मधल्या काळात गाडी कोणाकडे असते? कासारवडवलीहून वसईला जायचं म्हणजे गायमुखचा घाट चढायचा, तिथलं ट्रॅफिक वेगळं सांगायला नको, चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत, टाकीत तळाशी चार लिटर, म्हणजे मोटरला नकोसं वाटणारं जे जे काही आहे ते सगळं एकाच ठिकाणी. तुमचा आठवड्याचा रस्ता त्यामानाने सपाट आहे. रिझर्व्हची सवय तुमच्या घरात दोघांची आहे, फक्त गाडी बंद पडली तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही होतात. पुढच्या पाहुण्यासमोर ही गोष्ट निघाली की हसत हसत एवढंच जोडा. भांडू नका, नुसतं जोडा.

सासऱ्यांच्या गाळाबद्दल. हे म्हणणं घरोघरी ऐकू येतं आणि त्यात खरं फार थोडं आहे. मोटर पेट्रोल कायम तळातूनच ओढते, टाकी फुल असली तरी तळातूनच, वरची साय काढून पुढे पाठवत नाही. म्हणजे गाळ असेल तर तो रोजच ओढला जातोय, आणि त्याला अडवायला जाळी आणि फिल्टर आहेत. सासरे ज्या काळात गाडी शिकले असतील त्या काळात टाक्या पत्र्याच्या असायच्या, आतून गंजायच्या, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात तो गंज अडकला की गाडी रस्त्यात उभी, त्यामुळे त्यांचा धडा त्यांच्या गाडीपुरता बरोबरच होता. आता बहुतेक टाक्या प्लास्टिकच्या असतात. गंमत म्हणजे तेव्हाच्या पद्मिनीत किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० मध्ये पेट्रोलचा पंप इंजिनला लावलेला असायचा, टाकीत मोटर नव्हतीच, म्हणजे रिझर्व्हवर चालवल्याने मोटर झिजण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता. मित्र म्हणतो जुन्या गाड्यांना त्रास व्हायचा, नव्यांना होत नाही, ते मोटरच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. दोघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत आणि तुमची मात्र दोघांमध्ये ओढाताण झालीय.

आता पैशाचं, कारण पाचशेच्या सवयीमागे मला तेच दिसतं. पाचशेचं टाकलं की खर्च हातात राहतो असं वाटतं ना? महिनाअखेरीला खात्यात खडखडाट असेल तर ते समजू शकतो, तेव्हा पाचशेच टाका, त्यात लाज कसली. पण एरवी हिशोब करून बघा. जाऊन-येऊन तुमचे छत्तीस-चाळीस किलोमीटर होतात, या ट्रॅफिकमध्ये लिटरला बारा-तेराच्या वर अ‍ॅव्हरेज मिळत नसेल, म्हणजे दिवसाला तीनेक लिटर, आठवड्याला पंधरा-सोळा. पाचशेवाली पद्धत ठेवली तर दर दीड दिवसाने पंपाची लाइन. तेच एका रविवारी दोन हजारांचं टाकलंत तर आठवड्याला तेवढंच पेट्रोल जळणार, एक थेंब जास्त नाही. पाव टाकी कायम ठेवायची म्हणजे काय, तर हजारेक रुपये एकदाच गाडीत अडकवून ठेवायचे, ते काही दर आठवड्याला वेगळे जात नाहीत. टाकी हलकी असली की अ‍ॅव्हरेज वाढतं हेही लोक सांगतात, पण तीस लिटर पेट्रोलचं वजन होतं बावीस-तेवीस किलो, माजिवड्याच्या सिग्नलला एसी लावून दहा मिनिटं उभं राहिलात की तो फायदा संपला.

आणि भाव उद्या कमी होईल म्हणून थांबणारेही असतात. जून २०१७ पासून भाव रोज ठरवायची पद्धत आली खरी, पण लिटरमागच्या काही पैशांसाठी रिझर्व्हवर फिरण्यात कसलं शहाणपण.

तर नियम काय ठेवायचा? अर्धी टाकी नाही, फुल तर नाहीच, पाव. काटा पावावर आला की भरायचं. मोटरसाठी पाव पुरेसं आहे. पण खरं सांगू का, मी हा नियम मोटरसाठी कमी आणि आपल्या रस्त्यांसाठी जास्त सांगतो. मोटर झिजायला वर्षं लागतात, जाममध्ये अडकायला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. गायमुख घाटाची डागडुजी निघाली, कुठे कंटेनर आडवा झाला, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं, की वीस मिनिटांचा रस्ता दोन तासांचा होतो, आणि एसी लावून उभ्या असलेल्या छोट्या गाडीलासुद्धा तासाला पाऊण-एक लिटर लागतं. डॅशबोर्डवर "अजून ४५ किमी" दिसतंय त्याच्यावर तर बिलकुल विसंबू नका. तो आकडा तुम्ही मगाशी कशी गाडी चालवलीत त्यावरून काढलेला अंदाज असतो, ठाणे-बेलापूर रोडला मोकळ्या रस्त्यावर दिसलेले ४५ पुढे कळव्याच्या जाममध्ये भराभर वितळतात.

चालत्या गाडीत पेट्रोल संपलं तर काय होतं हे मात्र नीट माहीत असू द्या, कारण हे लोकांना खरंच माहीत नसतं. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि ब्रेक एकदोनदा दाबेपर्यंत नेहमीसारखा लागतो, नंतर तोही दगडासारखा कडक होतो. ऐरोली पुलावर किंवा हायवेच्या मधल्या लेनमध्ये हे झालं तर साडेआठ हजारांचं बिल सोडा, मागून येणाऱ्या ट्रकचा विचार करा. आचका जाणवला की लगेच हजार्ड लाइट लावायचे, वेग आहे तोवरच डावीकडे घ्यायचं, ब्रेक सारखा सारखा दाबून सोडायचा नाही, एकदाच आणि धरून दाबायचा. उभी राहिल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत बसू नका, मोटर कोरडी फिरते ती खरी तेव्हा, आणि इंजिन असं गचके खात राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होऊ शकतो, तो पार्ट मोटरपेक्षा खूप महाग. बहुतेक पंपांवर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, तेव्हा इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, बऱ्याच पॉलिसीत काही लिटर पेट्रोल जागेवर आणून देतात. अटल सेतूवरून जाणार असाल तर चढायच्या आधीच भरा, जवळपास बावीस किलोमीटरचा पूल आहे, मध्ये पंप नाही आणि थांबायला परवानगीही नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. ज्यांच्याकडे सीएनजी आहे त्यांची अवस्था खरं तर ताईंपेक्षा वाईट असते, फक्त त्यांना ती कळत नाही. गॅसवर चालते म्हणून पेट्रोलची शेवटची कांडी महिनोन् महिने ब्लिंक करत असते, "स्टार्टिंगपुरतं आहे की" म्हणत. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, टाटाच्या आयसीएनजीसारख्या काही थेट गॅसवर सुरू होतात, पण पेट्रोलची मोटर दोघींमध्ये आहेच. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी गॅसवर गेल्यावरही ती मोटर फिरतच राहते, तुमच्या किटमध्ये ती कट होते का हे बसवणाऱ्याला स्पष्ट विचारा. आणि गॅस कधी बंद होईल याचा भरवसा काय, नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची मुख्य पाइपलाइन डॅमेज झाली आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईत सीएनजीचे वांधे झाले, तेव्हा टाकीत पाव पेट्रोल असलेले निमूट कामाला गेले. फक्त पेट्रोल वर्षभर तसंच पडू देऊ नका, आठवड्यातून थोडं पेट्रोलवर चालवा, जुनं संपवा, नवीन टाका. डिझेलवाल्यांनी तर टाकी संपू देऊच नये, लाइनमध्ये हवा शिरते, नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होईलच असं नाही, आधी हवा काढावी लागते, आणि तिथला हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, त्याच्या बिलापुढे ताईंचं बिल किरकोळ वाटेल. एप्रिल २०२० नंतरच्या बाइक-स्कूटरवाल्यांनीही हसू नका, त्या जवळपास सगळ्या कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाल्या आहेत आणि मोटर तुमच्याही टाकीत आहे. रिझर्व्हचा कॉक फिरवायचा, स्कूटर आडवी करून घरापर्यंत न्यायची, ती विद्या आता संपली.

फुल टँकच्या हौशीबद्दल एकच, पंपावरचा नोझल टक्कन बंद झाला की बस, त्यानंतर राउंड फिगरसाठी अजून थोडं थोडं भरू देऊ नका. वरच्या भागातून पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा एक डबा जोडलेला असतो, त्यात पेट्रोल गेलं की तो खराब होतो.

बिलाचं मला विचाराल तर, गाडी दोघांची, सवय दोघांची, बिलही दोघांचं. तुमची पाचशेची पद्धत मोटरला बाधली असेल असं मला वाटतं, पण एकट्या तुमच्या पगारातून साडेआठ हजार जावेत इतकं ते सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा नवऱ्याबरोबर एक ठरवून टाका, गाडी दुसऱ्याच्या हातात देताना काटा पावाच्या वर असला पाहिजे, रविवारी रात्री त्याने, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही. आणि अजून एक करा. मोटर बदलताना पेट्रोलचा काटा हलवणारा तरंगता फ्लोटही बहुतेक वेळा त्याच असेंब्लीबरोबर निघतो आणि परत बसवताना कधीकधी वाकडा बसतो, मग काटा खोटं दाखवायला लागतो. पावाचा नियम फक्त या एका वेळी बाजूला ठेवून दिवा लागल्या लागल्या पंपावर जा, ऑटो कट होईपर्यंत भरा आणि किती लिटर बसलं ते मॅन्युअलमधल्या टाकीच्या आकड्याशी ताडून बघा. दिवा लागलेला असताना टाकी जवळजवळ पूर्ण आकड्याएवढीच भरली तर काटा चुकतोय, गाडी परत त्याच गॅरेजला न्या आणि ते काम फुकट करून घ्या.